एका पडद्यावर दोन ससे : संगणक आणि व्हिडिओ गेमच्या मॉनिटरचा ताळमेळ



मागच्या वर्षी आमच्या शाळेत एका जुन्या पडद्यावर मी संगणकातला ससा दाखवायला गेले आणि पडद्यावर दोन ससे आले. शेजारी शेजारी उभे, दोघेही बारीक, मध्ये एक काळा पट्टा. चौथीची मुलं टाळ्या वाजवायला लागली. "बाई, एकावर एक फ्री!" मला मात्र घाम फुटला. पडदा बिघडला, की संगणक बिघडला, की माझ्यामुळे दोन्ही बिघडले, काहीच कळेना.

खरं तर काहीच बिघडलं नव्हतं. दोघांचा ताळमेळ बसत नव्हता. हा ताळमेळ म्हणजे इंग्रजीतलं 'सिंक'. तो कसा बिघडतो, कसा बसवायचा, आणि तो शोधताना मला माझ्या श्रुतलेखनाच्या तासाबद्दल काय कळलं, ते आज तुमच्यासमोर मांडते. विषय थोडा तांत्रिक आहे, पण घाबरू नका. चौथीच्या मुलांना समजला, तर आपल्याला का नाही समजणार?

पडदा आला कुठून?

तुमच्यापैकी अनेकांना नव्वदच्या दशकातले व्हिडिओ गेम पार्लर आठवत असतील. बसस्टँडजवळ नाहीतर जत्रेत, लाकडी कपाटासारखं यंत्र, त्यात पडदा, खाली दांडी आणि बटणं. नाणं टाकायचं आणि खेळायचं. आमच्या एका पालकांच्या वडिलांचा असा धंदा होता. यंत्र बंद पडून कित्येक वर्षं गोठ्याच्या माळ्यावर पडलं होतं. ते पालक म्हणाले, "बाई, भंगारात घालण्यापेक्षा शाळेत न्या. मुलांना पाढ्यांचे खेळ दाखवा."

आतलं खेळाचं सर्किट गेलेलं होतं, पण पडदा शाबूत होता. शाळेत एक जुना संगणक होताच. मी मनात म्हटलं, तारेला तार जोडली की झालं. इथेच माझी पहिली चूक झाली.

सगळ्यात आधी जिवाची काळजी

मी उत्साहाच्या भरात पडद्याची पिन थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये घालणार होते. सुदैवाने गावातले टीव्ही दुरुस्त करणारे काका मदतीला आले होते. ते एकदम ओरडले, "बाई, थांबा! याचा ट्रान्सफॉर्मर कुठंय?"

व्हिडिओ गेमच्या पुष्कळ जुन्या मॉनिटरमध्ये मुख्य वीजप्रवाहापासून वेगळेपणा नसतो. तो वेगळेपणा कपाटात बसवलेला आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर देत असतो. आमच्या कपाटातला ट्रान्सफॉर्मर कुणीतरी तांब्यासाठी कधीच काढून नेला होता. असा मॉनिटर थेट लावला तर त्याचा लोखंडी सांगाडाच जिवंत होऊ शकतो. वर संगणकाची तार जोडली की संगणक जळणार, आणि सांगाड्याला हात लागला तर माणूस जाणार. शिवाय आमच्या मॉनिटरच्या पाठीवर ११० व्होल्ट लिहिलेलं होतं आणि आपल्या भिंतीत येतात २३० व्होल्ट.

दुसरा धोका पिक्चर ट्यूबचा. रंगीत ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि बटण बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये साठून राहतो. म्हणून आम्ही तीन नियम केले, तुम्हीही ते पाळा :

१. मॉनिटरच्या मागच्या बाजूला फक्त जाणकार दुरुस्ती करणाऱ्याचाच हात जाईल. शिक्षकांचा नाही, मुलांचा तर मुळीच नाही.
२. योग्य व्होल्टचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर लावल्याशिवाय वीज जोडायची नाही.
३. कपाटाची पाठ बंद झाल्याशिवाय मुलं खोलीत येणार नाहीत.

काकांनी शहरातून ट्रान्सफॉर्मर आणेपर्यंत आठ दिवस गेले. मुलं रोज विचारायची. मी रोज सांगायचे, "अजून नाही." त्या आठ दिवसांचा मला आजही पश्चात्ताप नाही.

मग दोन ससे का आले?

हे समजायला आपला श्रुतलेखनाचा तास डोळ्यांसमोर आणा. बाई सांगतात, मुलं लिहितात. ओळ संपली की मूल पुढच्या ओळीच्या सुरुवातीला येतं. पान संपलं की पान उलटतं.

जुना काचेचा पडदा असाच 'लिहितो'. ट्यूबमध्ये मागून इलेक्ट्रॉनचा झोत येतो. तो डावीकडून उजवीकडे एक ओळ रंगवतो, झटकन परत डावीकडे येतो, थोडा खाली सरकून दुसरी ओळ रंगवतो. सगळ्या ओळी झाल्या की पुन्हा वर. सांगणारा असतो संगणक. तो रंगांबरोबर दोन इशारे पाठवतो. "ओळ संपली" हा आडवा सिंक आणि "पान संपलं" हा उभा सिंक.

आता आकडे पाहा. व्हिडिओ गेमच्या साध्या मॉनिटरचा झोत सेकंदाला सुमारे १५,७०० ओळी काढतो आणि सुमारे ६० वेळा पान भरतो. गणित सोपं आहे : १५,७२० भागिले ६० म्हणजे एका पानात २६२ ओळी. त्यातल्या सुमारे २४० डोळ्यांना दिसतात, बाकीच्या झोत परत वर जाण्यात खर्च होतात. आपल्या घरातला जुना डबा टीव्हीसुद्धा याच जातीचा. त्याच्या सेकंदाला १५,६२५ ओळी.

संगणकाचं तसं नाही. १९८७ साली आयबीएमने व्हीजीए ही पद्धत आणली. तिच्या ६४० बाय ४८० या नेहमीच्या चित्रात सेकंदाला ३१,४६९ ओळी असतात आणि एका पानात ५२५. भागाकार केलात तर सेकंदाला ५९.९४ पानं येतात. म्हणजे पान भरायचा वेळ दोघांचा जवळजवळ सारखाच. ओळींचा वेग मात्र बरोबर दुप्पट.

झालं असं, की पडद्याची एक ओळ पुरी व्हायच्या आत संगणकाच्या दोन ओळी सांगून झाल्या. पडद्याने बिचाऱ्याने त्या दोन्ही आपल्या एकाच ओळीत लिहिल्या. पहिली डाव्या अर्ध्यात, दुसरी उजव्या अर्ध्यात. प्रत्येक ओळीचं तेच झालं, म्हणून अर्ध्या रुंदीचे दोन ससे. मधला काळा पट्टा म्हणजे संगणकाच्या दोन ओळींमधली विश्रांती.

काकांनी आधी मागची 'होल्ड'ची किल्ली फिरवून पाहिली. चित्र तिरपं झालं, फाटलं, पण एक ससा काही होईना. कारण त्या किल्लीने वेग थोडासाच कमीजास्त होतो. दुप्पट नाही. असा चुकीचा इशारा जास्त वेळ चालू ठेवला तर काही मॉनिटरच्या आडव्या भागावर ताण येऊन तो जळूही शकतो. म्हणून विचित्र चित्र दिसलं की आधी मॉनिटर बंद करायचा, विचार नंतर.

आम्ही क्रमाने काय केलं?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि काय झालं ते वहीत लिहायचं, एवढं पथ्य ठेवलं. नाहीतर कशाने सुधारलं आणि कशाने बिघडलं ते कळतच नाही.

पायरी १ : बदलू कोण शकतं ते ठरवलं. आमचा मॉनिटर एकाच वेगाचा, तो बदलणार नाही. संगणक बदलू शकतो. म्हणून काम संगणकावर.

पायरी २ : संगणकाचा वेग उतरवला. आमच्या संगणकात लिनक्स आहे. त्यात 'एक्सरँडर' नावाच्या आज्ञेने चित्राचं माप स्वतः लिहून देता येतं. त्याला मोडलाइन म्हणतात. आमचे आकडे असे : पिक्सेलचा वेग ६.२८८ मेगाहर्ट्झ; आडवे आकडे ३२०, ३३६, ३६८, ४००; उभे आकडे २४०, २४४, २४७, २६२. प्रत्येक चौकडीतला पहिला आकडा दिसणारं चित्र, दुसरा आणि तिसरा म्हणजे इशाऱ्याची सुरुवात आणि शेवट, चौथा म्हणजे एकूण. पडताळा घ्या : ६२,८८,००० भागिले ४०० बरोबर १५,७२०. त्याला २६२ ने भागा, ६० येतात.

काही ग्राफिक्स कार्डं एवढ्या हळू चालायला तयार नसतात. आमचंही नव्हतं. मग आडवे चारही आकडे आणि पिक्सेलचा वेग आठपट केला. ओळींचा वेग तोच राहिला आणि कार्डही कुरकुरलं नाही. विंडोज असेल तर जुन्या रेडिऑन कार्डांसाठी 'सीआरटी इम्युड्रायव्हर' नावाची सोय आहे.

पायरी ३ : मॉनिटर बंद ठेवून खात्री केली. संगणक सुरू होताना आधी जुन्या वेगानेच, म्हणजे ३१ किलोहर्ट्झनेच बोलतो. म्हणून सुरुवातीला तार साध्या सपाट मॉनिटरला लावायची. आज्ञा दिली की तो मॉनिटर 'आउट ऑफ रेंज' म्हणून तक्रार करतो. एरवी ही तक्रार दिसली की आपण वैतागतो, पण इथे ती आनंदाची बातमी आहे. वेग उतरला, असा तिचा अर्थ. मग तार काढून जुन्या मॉनिटरला लावायची आणि त्याचं बटण सुरू करायचं.

पायरी ४ : दोन इशाऱ्यांचा एक केला. संगणक आडवा आणि उभा इशारा वेगवेगळ्या तारांतून पाठवतो. १५ पिनांच्या निळ्या जोडणीत १३ नंबरवर आडवा, १४ वर उभा. आमच्या मॉनिटरला मात्र सिंकसाठी एकच तार होती. काकांनी ७४८६ जातीच्या छोट्या चिपचं सर्किट करून दोन्ही इशारे एकत्र केले. इशारा कुठल्या दिशेचा हवा, ऋण की धन, तेही मॉनिटरनुसार पाहावं लागतं. आमच्याला ऋण लागला.

पायरी ५ : उजेड वाढवला. चित्र स्थिर झालं, ससा एकच झाला, पण संध्याकाळ झाल्यासारखा अंधारा. संगणक प्रत्येक रंगासाठी जास्तीत जास्त ०.७ व्होल्ट देतो. खेळाची सर्किटं त्याहून जास्त द्यायची आणि मॉनिटरला तीच सवय. मध्ये छोटा व्हिडिओ अॅम्प्लिफायर लावला आणि ससा उजळला.

त्या दिवशी आणखी एक गंमत झाली. पडदा सुरू होताच दोन-तीन मुलांनी कान चोळले. "बाई, शिट्टी वाजतेय." काका म्हणाले, "कसली शिट्टी? मला काही ऐकू येत नाही." दोघंही खरं बोलत होते. सेकंदाला पंधरा-सोळा हजार कंपनांचा बारीक आवाज लहान मुलांना ऐकू येतो, वय वाढलं की ती क्षमता कमी होते. विज्ञानाचा एक पाठ आयताच मिळाला.

लक्षण पाहा, कारण ओळखा

तुमच्याकडे जुना मॉनिटर किंवा डबा टीव्ही असेल तर ही यादी उपयोगी पडेल.

• चित्र शेजारी शेजारी दोनदा दिसतं : संगणकाच्या ओळींचा वेग दुप्पट आहे. संगणकावर वेग उतरवा.
• तिरप्या पट्ट्यांत फाटलेलं चित्र : आडवा वेग जुळत नाही किंवा सिंकची तार सुटली आहे. आधी तार, मग आकडे, मग होल्डची किल्ली.
• चित्र वर किंवा खाली सरकत राहतं : उभा इशारा पोहोचत नाही किंवा पानांचा वेग फार वेगळा आहे.
• चित्र स्थिर पण एका बाजूला सरकलेलं : ओळीच्या आधीची आणि नंतरची मोकळी जागा कमीजास्त झाली आहे. मोडलाइनमधले मधले दोन आकडे थोडे थोडे बदला.
• वरचा भाग वाकलेला : दोन इशारे एकत्र करण्यात किंवा त्यांच्या दिशेत गडबड आहे.
• एखादा रंगच नाही : लाल १, हिरवा २, निळा ३ या पिनांची तार तपासा.
• चित्र झुलतं, जाड आडवा पट्टा हळू सरकतो : अर्थिंग किंवा मॉनिटरचा वीजपुरवठा. हे काम दुरुस्ती करणाऱ्याचं.

वर्गात करून पाहण्यासारखा उपक्रम

मॉनिटर नसला तरी हा उपक्रम होतो. साहित्य एवढंच : चौकटीची वही आणि पेन्सिल.

मुलांचे तीन गट करा. पहिल्या गटाची ओळ १० चौकटींची, दुसऱ्याची ९ चौकटींची, तिसऱ्याची २० चौकटींची. नियम एकच, आपली ओळ भरल्याशिवाय पुढच्या ओळीवर जायचं नाही. आता शिक्षकांनी एका लयीत वाचायचं : चार वेळा "पांढरा", एकदा "काळा", पाच वेळा "पांढरा". असं दहा वेळा. काळा म्हटलं की चौकट रंगवायची, पांढरा म्हटलं की सोडायची.

पहिल्या गटाच्या वहीत सरळ उभी रेघ येईल. दुसऱ्या गटाची रेघ प्रत्येक ओळीला एक घर उजवीकडे सरकत तिरपी होईल, आणि कडेला पोहोचली की पुन्हा डावीकडून सुरू होईल. तिसऱ्या गटाच्या वहीत दोन रेघा शेजारी शेजारी येतील. आमचे दोन ससे!

मग दुसऱ्या गटासाठी पुन्हा वाचा, पण दर दहा चौकटींनंतर मोठ्याने "ओळ!" म्हणा. "ओळ" ऐकलं तरच खाली यायचं, जागा संपली तर थांबायचं. आता त्यांची दहावी चौकट मावणार नाही, पण रेघ सरळ येईल. सिंकचं काम काय, हे मुलांना व्याख्या न सांगता कळतं. जोडीला भागाकाराचा सरावही होतो : रेघ कितव्या ओळीत कडेला पोहोचेल, हे आधी सांगायला लावा.

शेवटी, माझ्या वहीतली एक नोंद

या उपक्रमात एक मुलगा दुसऱ्या गटात होता. श्रुतलेखनात त्याची वाक्यं नेहमी अर्धवट असायची. एका ओळीचा शेवट आणि दुसरीची सुरुवात एकमेकांत मिसळलेली. मी त्याच्या नावापुढे लिहून ठेवलं होतं, "लक्ष देत नाही." त्या दिवशी "ओळ!" म्हणून क्षणभर थांबल्यावर त्याने सगळी रेघ अचूक काढली. वही दाखवायला आला आणि म्हणाला, "बाई, तुम्ही थांबलात म्हणून जमलं."

त्या संध्याकाळी मी त्याच्या श्रुतलेखनाच्या जुन्या वह्या काढून बसले. गळालेले शब्द जवळपास सगळे ओळीच्या सुरुवातीचे होते. म्हणजे तो ओळ पुरी करत होता आणि तोवर मी पुढे गेलेली असायचे. दोन ससे माझ्या वर्गात वर्षभर होते, मला दिसले नव्हते.

तेव्हापासून मी वाक्य संपलं की "ओळ" म्हणते आणि सगळ्यात हळू लिहिणाऱ्याची पेन्सिल वर आली की पुढे जाते. त्या मुलाचे ऱ्हस्व-दीर्घ अजून चुकतात, ते काम बाकी आहे. पण वाक्यं गळत नाहीत. "लक्ष देत नाही" ही नोंद मी खोडली आणि शेजारी लिहिलं, "वेग जुळवायला हवा. माझा."

मॉनिटरला आपला वेग बदलता येत नव्हता, संगणकाला येत होता. वर्गात तो बदलता येतो आपल्याला. पालकहो, घरी अभ्यास घेताना मूल मागे पडतंय असं वाटलं, तर त्याच्यावर आवाज चढवण्याआधी एकदा आपला वेग तपासून पाहा.

चौकटींचा उपक्रम नक्की करून पाहा, आणि तुमच्या वर्गात रेघ कुणाची तिरपी आली, ते मला जरूर कळवा.